शहराचा ओढा आणि आपलें शेत

शेतकऱ्यांच्या मासिकांत शहराच्या गटारांचा विषय कशाला, असा प्रश्न आमच्या वाचकांपैकीं पुष्कळांच्या मनांत येईल. पुणेंकरांनीं आपल्या रस्त्यांवर पाणी तुंबूं द्यावें कीं वाहूं द्यावें, हें त्यांचें त्यांनीं पाहावें. आपणांस आपल्या पेरणीची, पाण्याच्या पाळीची व बाजारभावाची विवंचना पुरेशी आहे, असें म्हणणें वरवर पाहतां गैर नाहीं. परंतु पाण्याला महानगरपालिकेची हद्द समजत नाहीं. पुण्यांत पडलेला पाऊस रस्त्यावरून ओढ्यांत, ओढ्यांतून मुठेंत, संगमाखालीं मुळामुठेंत, तेथून हवेली व दौंड तालुक्यांतील शेतांच्या कडेकडेनें रांजणगांव सांडसजवळ भीमेंत, आणि अखेर उजनीच्या जलाशयांत जातो. वाटेंत त्यानें जें जें अंगावर घेतलें असेल, तें तें तो आपल्या पाटांत, विहिरींत व पिकांत आणून टाकतो. शहराच्या ओढ्याचें वरचें टोक कात्रजच्या डोंगरांत असेल. खालचें टोक मात्र आपल्या बांधाला लागलेलें आहे. म्हणून या विषयाचा विचार शहरवासीयांपेक्षां आपणच अधिक काळजीनें करणें प्राप्त आहे.

पुण्याची भूमि व पूर्वीच्यांची व्यवस्था

पुणें शहर डोंगरांच्या कुशींत वसलेलें आहे. दक्षिणेस कात्रजचे डोंगर, मध्यें पर्वती, पश्चिमेस वेताळ टेकडी. या सर्वांचा उतार मुळा व मुठा या दोन नद्यांकडे. त्या उतारावरून आंबील ओढा, नागझरी, माणिक नाला, भैरोबा नाला, देवनदी असे अनेक ओढे-नाले उतरतात. भुकूमच्या बाजूनें येणारी रामनदी बावधन, पाषाण व औंध या मार्गानें मुळेस मिळते. आपल्या शेतांत जसे उताराला चर असतात आणि ते मोकळे असले म्हणजे पिकाला वाफसा वेळेवर येतो, तसेच हे ओढे म्हणजे शहराचे निसर्गानें काढलेले चर होत. यांसाठीं कोणास निविदा काढावी लागली नाहीं कीं कर्ज काढावें लागलें नाहीं.

पूर्वीच्या लोकांस या चरांची किंमत ठाऊक होती. नानासाहेब पेशव्यांच्या कारकिर्दींत, अठराव्या शतकाच्या मध्यास, कात्रज येथें तलाव बांधून त्याचें पाणी दगडी नळानें शनिवारवाड्यापर्यंत व पेठांतील हौदांपर्यंत आणण्यांत आलें. त्या नळावर हवा सुटण्यासाठीं ठिकठिकाणीं उच्छ्वास बांधलेले होते आणि गाळ खालीं बसावा अशी योजना होती. त्याच काळांत, पूर्वीं वस्तीच्या बाजूनें वाहणाऱ्या आंबील ओढ्याला पर्वतीच्या पायथ्याशीं बांध घालून त्याचा प्रवाह पश्चिमेकडे वळविला गेला व तेथें तळें झालें. ज्या ठिकाणीं आज सारसबाग आहे व तळ्यांतला गणपती आहे, तें हेंच स्थळ. ओढा वळविणें म्हणजे निसर्गाच्या कामांत हात घालणेंच; पण तो वळवितांना त्याला दुसरी वाट व मध्यें विसाव्याला जागा दिली, हें ध्यानांत घेण्यासारखें आहे. वाट न देतां अडविणें ही रीति अलीकडची.

पुढें १८७० च्या दशकांत मुठेवर खडकवासल्याचें धरण झालें व त्याच्या कालव्यानें हडपसर, मांजरीपासून खालचा मुलूख बागायती केला. महात्मा फुले यांची मांजरी येथील शेती याच पाण्यावरची. शहरांतला मैला त्या काळीं वाहून नेऊन त्याचें सोनखत करीत व तें उंसाला घालीत. शहराचा मळ शेताचें बळ होई आणि नदीच्या वाट्याला तो फारसा येत नसे. आज तोच मैला पाण्यांत कालवून नदींत सोडला जातो. शेताचें खत गेलें आणि नदीचें पाणीही गेलें.

एका एकराचा हिशेब

शहरांत पूर कां येतो याचीं कारणें मोठ्या शब्दांत सांगितलीं जातात. आम्ही शेतकऱ्याच्या हिशेबानें सांगतों. एका एकरावर एक इंच पाऊस पडला म्हणजे सुमारें एक लाख लिटर पाणी पडलें. दहा हजार लिटरचे दहा टँकर म्हणा. हाच पाऊस एका तासांत पडला आणि सगळाच्या सगळा वाहून गेला, तर तेवढ्या एका एकरावरून जवळजवळ एक क्युसेक प्रवाह निघतो. कालव्याच्या पाळीवर ज्यांनीं रात्री काढल्या आहेत त्यांना क्युसेक म्हणजे काय तें समजावून सांगण्याची जरूर नाहीं.

आतां हजार एकरांचा एक पाणलोट घ्या. तेथें जोपर्यंत शेतें, गवत व झाडें होतीं तोपर्यंत पावसाचा मोठा भाग जमिनींत मुरे, कांहीं बांधांना अडे, आणि उरलेला तीनचारशें क्युसेक पाणी सावकाश ओढ्याला येई. त्याच हजार एकरांवर घरांच्या गच्च्या, सिमेंटचे रस्ते व फरशीचीं आंगणें झालीं म्हणजे दहांतला नऊ भाग पाऊस वाहून जातो. म्हणजे आठनऊशें क्युसेक, आणि तेंही अर्ध्या वेळांत. पाऊस तोच, ढग तेच. ओढ्यावरचा बोजा मात्र दुपटीहून अधिक. अशा वेळीं ओढ्याचें पात्र दुप्पट रुंद करावयास पाहिजे. शहरानें काय केलें? दोन्ही बाजूंनीं भराव टाकून तें निम्म्यावर आणलें, कोठें त्यावर फरशी टाकून वाहनतळ केला, कोठें सबंध ओढाच नळांत घातला. बैल दुप्पट ओझें ओढूं लागला म्हणून कोणी त्याचे पाय बांधीत नाहीं. येथें नेमकें तेंच झालें.

उत्तरा नक्षत्राची ती रात्र

याचा परिणाम २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्रीं दिसला. उत्तरा नक्षत्र संपत आलें होतें, पितृपक्ष चालू होता. संध्याकाळपासून कात्रजच्या बाजूस पाऊस कोसळूं लागला आणि रात्रीं आंबील ओढ्याला लोंढा आला. कात्रज, सहकारनगर, अरण्येश्वर, टांगेवाले कॉलनी, दांडेकर पूल या भागांत लोक झोंपेच्या तयारींत असतांना पाणी घरांत शिरलें. भिंती कोसळल्या, मोटारी काडीसारख्या वाहत जाऊन पुलांना अडकल्या आणि त्या अडकल्यामुळें पाणी आणखी फुगलें. शहर व आसपासच्या भागांत मिळून वीसहून अधिक माणसें त्या रात्रींत दगावलीं. त्यांत धरण फुटलें नव्हतें कीं नदीला महापूर नव्हता. एरवीं ज्याला लोक गटार म्हणत, त्या एका ओढ्यानें हें केलें.

पुणेंकरांस पूर नवा नाहीं. १२ जुलै १९६१ रोजीं पानशेतचें धरण फुटून व पाठोपाठ खडकवासल्याचा बांध जाऊन शहराचा नदीकांठ वाहून गेला, त्याची आठवण घरोघर आहे. २७ सप्टेंबर २०१८ रोजीं कालव्याची भिंत फुटून जनता वसाहत व दांडेकर पुलाच्या परिसरांत पाणी घुसलें. २५ जुलै २०२४ रोजीं खडकवासल्यांतून पस्तीस हजारांहून अधिक क्युसेक पाणी सोडावें लागलें, तेव्हां सिंहगड रस्त्यावरील एकतानगरींत कंबरेइतकें पाणी भरलें. या शेवटच्या प्रसंगीं निळ्या व तांबड्या पूररेषेचा पुष्कळ बोलबाला झाला. पंचवीस वर्षांत एकदां येणारा पूर जेथपर्यंत चढतो ती निळी रेषा, शंभर वर्षांत एकदां येणारा जेथपर्यंत चढतो ती तांबडी. निळ्या रेषेच्या आंत घर बांधणें म्हणजे नदीच्या अंथरुणांत निजणें होय. नदी आपल्या अंथरुणावर परत आली तर तिला पूर आला असें म्हणावें, कीं ती घरीं आली असें म्हणावें?

मुंबईची गोष्ट निराळी. तेथें २६ जुलै २००५ रोजीं सांताक्रूझला एका दिवसांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, आणि भरतीच्या वेळीं समुद्र पाणी घेईना. किनाऱ्यावरच्या शहरांना ही अडचण असतेच. पुण्याला समुद्र नाहीं, भरती नाहीं, वर्षाचा पाऊस सरासरीनें सातशें मिलिमीटरच्या आसपास, आणि जमिनीला उत्तम उतार. एवढी अनुकूलता असून पाणी तुंबतें, तेव्हां दोष आभाळाला देतां येत नाहीं.

पुराबरोबर येणारी घाण

पूर चार दिवसांत ओसरतो. पाण्याची घाण ओसरत नाहीं, आणि आपला खरा संबंध येथेंच येतो. शहरांत नियमाप्रमाणें दोन वेगळ्या वाहिन्या असावयाच्या. एक मैलापाण्याची, ती शुद्धीकरण केंद्राकडे जाणारी. दुसरी पावसाळी पाण्याची, ती ओढ्यानदीकडे जाणारी. प्रत्यक्षांत दोहोंची सोयरीक झालेली आहे. कोठें मैल्याची वाहिनी पावसाळी गटाराला जोडलेली, तर कोठें गच्चीचें पाणी मैल्याच्या वाहिनींत सोडलेलें. पहिल्या चुकीनें उन्हाळ्यांतसुद्धां ओढ्यांतून मैला वाहतो. दुसऱ्या चुकीनें पावसाळ्यांत मैल्याच्या वाहिन्या फुगून झांकणें उडतात, आणि केंद्राला झेपेल त्याहून जास्त पाणी आलें म्हणजे वरचेंवर तसेंच नदींत जातें.

शिवाय मृगाच्या पहिल्या दोनचार सरींचें पाणी सर्वांत घाण असतें. आठ महिने रस्त्यावर सांचलेलें तेल, टायरांची भुकटी, बांधकामाची माती, जनावरांची विष्ठा, प्लॅस्टिक, कारखान्यांच्या अंगणांतील रसायनें असें सर्व कांहीं तो पाऊस धुऊन नेतो. पेरणीच्या आधीं नदीवरच्या मोटारी सुरू करणाऱ्या शेतकऱ्यानें हें विशेष लक्षांत ठेवावें.

पाणी किती घाण आहे हें मोजण्याचें एक माप आहे. त्यास जैविक प्राणवायूची मागणी म्हणतात. पाण्यांतील मळ कुजतांना पाण्यांतला किती प्राणवायू खातो, तें त्यावरून कळतें. स्नानाला योग्य पाण्यांत हें माप एका लिटरला तीन मिलिग्रॅमपर्यंत असावें; शुद्ध न केलेल्या मैलापाण्यांत तें दोनशेंच्या वर जातें. प्राणवायू संपला म्हणजे मासे मरतात आणि पाण्याला सडका वास येतो. मळांतील नत्र व स्फुरद यांवर जलपर्णी माजते. ती जलपर्णी पहिल्या पुराबरोबर सुटून खालीं येते, बंधाऱ्यांना व पुलांना अडते, मोटारींच्या तोंडांत बसते. मुळामुठेच्या कांठीं दौंड तालुक्यांत आमची थोडी वडिलार्जित जमीन आहे. आमचे धाकटे बंधू ती पाहतात. पावसाळ्याच्या तोंडीं ते रोज सकाळीं प्रथम दांताळें घेऊन नदीवर जातात, मोटारीच्या फुटबॉलवरची जलपर्णी ओढून काढतात, आणि मग चहा घेतात. आमच्या लहानपणीं त्याच डोहांत आम्ही पोहत असूं व आमची आई त्यांतलें पाणी घागरीनें भरीत असे. आज नदीजवळच्या विहिरीचें पाणी गुरांना पाजतांनासुद्धां मन कचरतें.

हें पाणी येथेंच थांबत नाहीं. उजनीचें धरण १९८० सालीं पुरें झालें. त्या जलाशयावर इंदापूर, करमाळा, माढा या भागांची बागायत अवलंबून आहे, सोलापूर शहर त्याचें पाणी पितें, आणि आषाढी-कार्तिकीला वारकरी जींत स्नान करतात ती पंढरपूरची चंद्रभागा म्हणजे हीच भीमा. पुण्याच्या एका गल्लींतील चुकीच्या जोडणीचें फळ अडीचशें किलोमीटरांवरच्या माणसाच्या ओंजळींत जातें.

शहराचें देणें

सरकारनें व महानगरपालिकेनें कांहींच केलें नाहीं, असें म्हणणें न्यायाचें होणार नाहीं. जपानच्या कर्जसाहाय्यानें मुळामुठेच्या शुद्धीकरणाची सुमारें ९९० कोटि रुपयांची योजना २०१६ सालच्या आरंभीं मंजूर झाली. तींत अकरा नवीं शुद्धीकरण केंद्रें बांधून रोजची क्षमता ३९६ दशलक्ष लिटरांनीं वाढवावयाची होती. काम ठरल्या मुदतींत पुरें झालें नाहीं, हें मात्र सर्वांस ठाऊक आहे.

आपल्या दृष्टीनें याहून महत्त्वाची मुंढव्याची योजना. पानशेत, वरसगांव, टेमघर व खडकवासला या चार धरणांचा उपयुक्त सांठा मिळून सुमारें २९ टीएमसी. त्यांतलें स्वच्छ पाणी शहराला वर्षानुवर्षे अधिकाधिक लागत गेलें आणि कालव्याची पाळी आखडत गेली. त्याच्या मोबदल्यांत शहरानें मैलापाणी शुद्ध करून, वर्षाला साडेसहा टीएमसी पाणी मुंढवा येथून उचलून जुन्या कालव्यांत शेतीसाठीं सोडावें, असें ठरलें. हा एक अदलाबदलीचा व्यवहार आहे. आपण धरणाचें दूध दिलें. बदल्यांत निदान ताक मिळावें. तेव्हां शहरांतील शुद्धीकरण नीट होतें कीं नाहीं, पावसाळी व मैल्याच्या वाहिन्या वेगळ्या आहेत कीं नाहींत, हा प्रश्न आपल्या हिश्श्याच्या मालाच्या प्रतीचा प्रश्न आहे. माल हलका येत असेल तर तो बोलून दाखविणें यांत भीड कसली?

आमच्या हातची एक नोंद

येथवर आम्हीं शहराचे दोष सांगितले. आतां आमचा स्वतःचा एक दोष सांगतों. तो सांगितल्यावांचून हा लेख लिहिण्याचा आम्हांस अधिकार पोंचत नाहीं.

वीसबावीस वर्षांपूर्वीं आम्ही एका कचेरींत कारकून होतों. शहराच्या हद्दीलगतच्या एका गांवीं एक शेत बिनशेती करण्याचें प्रकरण आलें. गांवनकाशावर त्या गटांतून ओढा दुहेरी रेषेनें स्पष्ट दाखविलेला होता आणि उताऱ्यावर त्याचें क्षेत्र पोटखराबांत धरलेलें होतें. जागेची पाहणी करणाऱ्या अधिकाऱ्यांबरोबर आम्हीही गेलों. चैत्राचा महिना. ओढा कोरडा ठणठणीत, त्यांत गुरें उभीं. बांधावर एक वृद्ध शेतकरी बसले होते. ते म्हणाले, “भाऊसाहेब, ओढा चैत्रांत बघायचा नसतो, भादव्यांत बघायचा असतो.” आम्ही हंसलों, त्यांनीं दिलेलें पाणी प्यालों, आणि कचेरींत येऊन टिपण लिहिलें: ‘सदर ओढा मृत असून त्यांत पाणी वाहत असल्याचें दिसून आलें नाहीं.’ वाक्य खोटें नव्हतें. चैत्रांत पाणी वाहत नव्हतेंच. त्या टिपणाबद्दल आम्हीं कोणाचा पैसा घेतला नाहीं. लवकर काम उरकलें एवढेंच समाधान घेतलें.

पुढें तेथें भराव पडला, खोल्या झाल्या, गल्ल्या झाल्या. सेवानिवृत्तीच्या आधीं कांहीं वर्षें, एका पावसाळ्यांत त्याच भागांत शिरलेल्या पाण्याचे पंचनामे करण्यास आम्हांस जावें लागलें. जिन्याच्या तिसऱ्या पायरीपर्यंत चिखल, भिजलेल्या गव्हाचीं पोतीं, मुलांचीं वह्यापुस्तकें दोरीवर वाळत घातलेलीं. एक बाई म्हणाली, “साहेब, इथं पाणी कसं आलं हो? इथं तर नदी पण नाही.” आम्हांस ठाऊक होतें तें कसें आलें, पण आम्हीं उत्तर दिलें नाहीं, नुकसानीचा आंकडा लिहून पुढच्या दारीं गेलों. त्या वृद्ध गृहस्थांचें वाक्य त्या दिवसापासून आमच्या मनांतून गेलेलें नाहीं.

हें सांगण्याचें कारण असें कीं, ओढे केवळ मोठ्या बिल्डरांनीं बुजविलेले नाहींत. ते आमच्यासारख्या कारकुनांच्या एका ओळीनें बुजले, आणि आपल्यासारख्या खातेदारांच्या गुंठ्यांनींही बुजले. २०१७ सालीं अकरा गांवें व २०२१ सालीं तेवीस गांवें पुणें महानगरपालिकेंत घेतलीं गेलीं. त्याच्या आधींच त्या गांवांतून ओढ्याकांठचे गुंठे विकले गेले होते. विकणारा शेतकरी, घेणारा गरीब, आणि मधल्यामध्यें ओढ्याची माती झाली. वरच्या गांवानें ओढा विकला कीं खालच्या गांवाला पूर व घाण दोन्ही विकत मिळतात.

आतां काय करावें

डेन्मार्क देशाच्या कोपनहेगन शहरांत २ जुलै २०११ रोजीं ढगफुटी होऊन दोनतीन तासांत कांहीं ठिकाणीं दीडशें मिलिमीटरच्या घरांत पाऊस पडला आणि शहर बुडालें. तेथील लोकांनीं दुसऱ्याच वर्षीं एक आराखडा केला. सर्व पाणी जमिनीखालच्या नळांत कोंबण्याचा हट्ट त्यांनीं सोडला. उद्यानें व मैदानें थोडीं खोलगट करावीं, कांहीं रस्ते पाट समजून उताराला धरावेत, आणि अतिवृष्टींत पाणी तेथें कांहीं तास मुक्कामाला ठेवून मग सावकाश सोडावें, अशी ती योजना. आपल्या वाचकांना हिच्यांत नवें काय दिसणार? हीच आपली ताल, हाच आपला बांध, हाच आपला सांडवा. युरोपांतल्या इंजिनीयरांनीं जें शिकून घेतलें तें आपल्या आजोबांस येत होतें. पुण्यानें तें आपल्याच शेजाऱ्याकडून शिकावें.

शहरानें करावयाचें तें थोडक्यांत असें: ओढ्यांची मूळ हद्द जुन्या नकाशांवरून मोजून दगड रोवावेत, नळांत घातलेले ओढे जेथें शक्य तेथें मोकळे करावेत, कात्रज, पाषाण येथील तलावांचा गाळ काढून त्यांत पावसाचें पाणी घेण्यास जागा ठेवावी, आणि मैल्याची प्रत्येक चुकीची जोडणी शोधून तोडावी. पावसाळ्यापूर्वीं गाळ काढून तो ओढ्याच्याच कांठावर ठेवणें, म्हणजे पहिल्या सरीला तो परत आंत जावा, ही प्रथा बंद करावी.

आपण शेतकऱ्यांनीं करावयाचें तें जरा विस्तारानें सांगतों.

पहिलें, आपल्या गटाचा नकाशा व उतारा काढून पाहावा. ओढा, नाला, तळें, सार्वजनिक वाट यांखालचें क्षेत्र पोटखराब ‘ब’ वर्गांत येतें. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ हिच्या कलम २० अन्वयें नद्या, ओढे व नाले यांचीं पात्रें शासनाच्या मालकीचीं आहेत. तीं विकण्याचा अधिकार कोणा खातेदारास नाहीं आणि विकत घेणाऱ्यास त्यांत मालकी मिळत नाहीं. ओढ्याकांठचा गुंठा विकणाऱ्या व घेणाऱ्या आप्तेष्टांस हें आधींच सांगावें. दस्त झाल्यावर सांगून उपयोग नसतो.

दुसरें, शेजाऱ्यानें किंवा कोणा कंत्राटदारानें ओढ्यांत भराव टाकून आपल्या शेतांतील पाण्याचा नैसर्गिक निचरा अडविला, तर भांडत बसूं नये. मामलेदार न्यायालय अधिनियम, १९०६ याच्या कलम ५ खालीं तहसीलदाराकडे दावा करतां येतो आणि तो अडथळा काढण्याचा हुकूम मिळूं शकतो. मात्र अडथळा झाल्यापासून सहा महिन्यांच्या आंत दावा दाखल केला पाहिजे. ‘पुढच्या पावसाळ्यांत बघूं’ असें म्हणून मुदत घालविणारे खातेदार आम्हीं कचेरींत पुष्कळ पाहिले आहेत. पाणी तुंबलेल्या जागेचीं छायाचित्रें तारखेसह ठेवावींत.

तिसरें, नदीचें किंवा कालव्यांतील पुनर्वापराचें पाणी घेणाऱ्यानें वर्षांतून दोनदां, एकदां वैशाखांत व एकदां पावसाळ्यानंतर, पाण्याची तपासणी करावी. शेतीच्या पाण्याचा सामू ६ ते ८.५ च्या दरम्यान असावा. क्षारतेची विद्युतवाहकता सरकारी वर्गीकरणांत २२५० मायक्रोम्होपर्यंत चालते असें म्हटलें आहे. पण आपल्या भारी काळ्या जमिनींत ७०० च्या वर गेल्यापासूनच जपावें. बोरॉन लिटरला २ मिलिग्रॅमपेक्षां अधिक नसावें. निचरा नसलेल्या काळ्या जमिनीला असें पाणी वर्षानुवर्षे भरपूर दिलें म्हणजे ती चोपण होते, आणि चोपण झालेली जमीन एका पिढींत सुधारत नाहीं.

चौथें, अशा पाण्यावर कोथिंबीर, मेथी, गाजर, मुळा, काकडी अशीं कच्चीं खाण्याचीं पिकें घेऊं नयेत. जागतिक आरोग्य संघटनेनें १९८९ सालीं घातलेली मर्यादा अशी कीं, अशा पिकांच्या पाण्यांत विष्ठेंतील जंतूंची संख्या शंभर मिलिलिटरांत हजाराहून जास्त नसावी; मुळामुठेच्या पाण्याकडून ही अपेक्षा करणें धाडसाचें आहे. ऊंस, चारा, फुलें यांस तें पाणी त्यामानानें चालेल. पाणी पिकावर न उडवितां सरीनें द्यावें, शेतांत शिरतांना एका लहान खड्ड्यांत गाळ बसूं द्यावा, आणि पाणी धरणाऱ्यानें पायांत बूट घालावेत. भाजी पुण्याच्याच मंडईंत जाते, हें आपण विसरूं नये. ज्यानें आपणांस घाण पाठविली त्याला ती जुडी बांधून परत पाठविणें हा धर्म नव्हे.

पांचवें, एकट्यादुकट्यानें अर्ज करूं नये. नदीकांठच्या पाणीवापर संस्था, सोसायट्या व ग्रामपंचायती यांनीं मिळून तपासणीचे दाखले जोडून दर वर्षीं एकच निवेदन द्यावें, आणि त्याची पोंच घ्यावी. कचेरींत काय हलतें व काय पडून राहतें, हें आम्हीं जवळून पाहिलें आहे. रागाचा कागद पडून राहतो. आंकड्यांचा कागद, ज्यावर पोंच आहे व ज्याची प्रत वर पाठविलेली आहे, तो कोणास तरी हलवावाच लागतो.

सेवानिवृत्त झाल्यावर एका भाद्रपदांत आम्ही त्या जुन्या ओढ्याच्या जागीं मुद्दाम जाऊन आलों. सरी चालू होत्या. गल्लीच्या मधोमध, घरांच्या उंबऱ्यांना लागून, गांवनकाशावर ती दुहेरी रेषा ज्या वळणानें जाते नेमक्या त्याच वळणानें पाणी चाललें होतें. नकाशा शंभराहून अधिक वर्षांचा, टिपण आमचें, पण पाण्यानें दोहोंपैकीं नकाशाच प्रमाण मानला होता. बंधूंनो, आपल्या गटांतून जाणारी रेषा या भाद्रपदांत एकदां पायीं चालून पाहा, आणि ती कोठें अडली असेल तर पुढच्या चैत्राची वाट पाहूं नका.

— एक सेवानिवृत्त महसूल कारकून, पुणें